कुंपणाबाहेरचं मैदान

“पोरगं गुणी आहे हो, वाया जायला नको.” क्रिकेटमधल्या फिक्सिंगची बातमी आली आणि तिच्यात विशी-बाविशीतलं एखादं नाव असलं, की ठाण्यात दादोजी कोंडदेव स्टेडियमच्या आसपासच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर हे वाक्य कानावर पडतं. थोड्या वेळाने दुसरं येतं, “असल्यांना जन्मात बॉल हातात धरू देऊ नये.” पुष्कळदा दोन्ही वाक्यं एकाच माणसाची असतात, मधे फक्त कटिंग संपलेली असते.

पहिल्या वाक्यातली कळकळ खरी आहे. बदलापूर नाहीतर पनवेलहून पहाटेची लोकल धरायची, दारात उभ्या असलेल्यांच्या शिव्या खात किटबॅग आत रेटायची आणि आझाद मैदानात पोचून दोन ओव्हर मिळतील म्हणून दिवसभर उन्हात उभं राहायचं, हे ज्याने बघितलंय त्याला त्या पोराची दया येणारच. पण त्या वाक्यातला ‘गुणी’ हा शब्द चुकीच्या खात्यात जमा झालाय.

आयसीसी, म्हणजे क्रिकेटची जागतिक संघटना, तिच्या भ्रष्टाचारविरोधी संहितेत सहावं कलम शिक्षेचं आहे. शिक्षा कशाने वाढते आणि कशाने कमी होते याची त्यात यादीच दिलेली आहे. कमी होण्याची कारणं अशी : वेळेवर दिलेली कबुली, आधीची स्वच्छ नोंद, तपासाला केलेली मदत, सामन्याच्या निकालावर फारसा परिणाम न झालेला असणं, आणि अगदी स्पष्ट शब्दांत, कोवळं वय किंवा अनुभवाचा अभाव. वेग, स्विंग, सरासरी, ‘पुढे देशाकडून खेळला असता’ यातलं काहीही त्या यादीत नाही. बीसीसीआयची संहिताही याच साच्यातली. म्हणजे कळव्याचा ताशी १२० किलोमीटरने टाकणारा आणि १४५ने टाकणारा, दोघांसाठी कागदावर तराजू एकच. वय मोजा, गुण मोजू नका.

लोक मात्र गुणच मोजतात. मोहम्मद आमिर आणि मर्विन वेस्टफिल्ड ही दोन नावं शेजारी ठेवली की ते दिसतं. ऑगस्ट २०१०मध्ये लॉर्ड्सवर पाकिस्तानच्या आमिरने ठरवून दोन नो-बॉल टाकले तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्याच डावात त्याने ८४ धावांत ६ बळी घेतले होते. त्याच्यासाठी जगभरच्या माजी कर्णधारांनी हळहळ व्यक्त केली. वेस्टफिल्ड इंग्लंडमधल्या एसेक्स काउंटीचा एकवीस वर्षांचा गोलंदाज. सप्टेंबर २००९मध्ये डरहॅमविरुद्धच्या चाळीस षटकांच्या सामन्यात पहिल्या षटकात १२ धावा द्यायचं त्याने ६ हजार पौंडांना कबूल केलं. प्रत्यक्षात गेल्या १०. २०१२मध्ये त्याला चार महिन्यांचा तुरुंगवास झाला, वर पाच वर्षांची बंदी. त्याला या वाटेवर आणणारा संघातलाच ज्येष्ठ फिरकीपटू दानिश कनेरिया होता, असा निष्कर्ष इंग्लंडच्या मंडळाने काढला आणि कनेरियाला तहहयात बंदी घातली. कनेरियाने सहा वर्षं नाकारून २०१८मध्ये ते कबूल केलं. वेस्टफिल्डच्या नावाने कोणी उसासा टाकला नाही, कारण तो साधारण गोलंदाज होता. साधारण पोराचं वय मात्र साधारण नसतं, तेही एकवीसच असतं.

आमिरच्या प्रकरणातला खरा बोचणारा तपशील तारखेचा आहे. फेब्रुवारी २०११मध्ये दोह्यात मायकेल बेलॉफ यांच्या अध्यक्षतेखालच्या लवादाने निकाल दिला. कर्णधार सलमान बटला दहा वर्षं, त्यातली पाच स्थगित. मोहम्मद आसिफला सात, त्यातली दोन स्थगित. आमिरला पाच, स्थगित काही नाही. वजाबाकी केली तर तिघांचं उत्तर पाच. तिघांची बंदी एकाच दिवशी, २ सप्टेंबर २०१५ला संपली. ज्याने सांगितलं तो कर्णधार आणि ज्याने ऐकलं ते पोर, दोघंही सारखाच काळ बाहेर बसले. हे लवादाच्या निष्ठुरपणामुळे झालं नाही. मॅच किंवा तिचा भाग ठरवण्याच्या गुन्ह्याला संहितेत किमान शिक्षाच पाच वर्षांची आहे, कमाल तहहयात. खाली उतरायला पायरीच नव्हती. अपवादात्मक परिस्थितीत किमान शिक्षेत लवचीकता हवी, अशी शिफारस याच लवादाने आयसीसीला केली, त्यावरून त्यांनाही ते टोचलं असावं.

आणि ही पाच वर्षं सगळ्यांना सारखी पडत नाहीत. फलंदाज अठ्ठाविसाव्या वर्षी गेला आणि तेहेतिसाव्या वर्षी परतला तर त्याच्या हातात तंत्र तरी असतं. वेगवान गोलंदाजाचं अठरा ते तेवीस हे वय पाठ आणि खांदा घडण्याचं असतं. त्या काळात सामन्यातली षटकं पडली नाहीत तर नंतर नेटमध्ये टाकून ती भरून निघत नाहीत.

आता हे घडतं कसं ते पाहू, कारण शिक्षा ठरवणाऱ्यालाही पुष्कळदा ते नीट माहीत नसतं.

निकाल फिरवायला निम्मा संघ लागतो, म्हणून आता सहसा कोणी निकालाच्या मागे लागत नाही. सट्टा चालतो तो ‘सेशन’वर. टी-ट्वेंटीत पहिल्या सहा षटकांचा भाव निघतो, समजा ४६-४८. ४८ किंवा वर जाईल म्हणणारा ‘यस’ खेळतो, ४६पर्यंत पोचणार नाही म्हणणारा ‘नो’. षटकामागे आठ धावा धरल्या तर सहा षटकांच्या ४८ होतात. त्यातलं एकच षटक १४चं झालं की ५४. म्हणजे बुकीला, सट्टा घेणाऱ्याला, एक माणूस आणि सहा चेंडू पुरतात. त्यालाही पैसे लावायला वेळ हवा, म्हणून खूण षटकाच्या आधी लागते आणि षटक सुरू व्हायला जरा उशीर लागतो. मे २०१३च्या आयपीएल प्रकरणात दिल्ली पोलिसांनी केलेले आरोप नेमके याच रचनेचे होते : कमरेला खोचलेला टॉवेल, लांबवलेली क्षेत्ररचना, चौदा धावांचा करार आणि प्रत्यक्षात तेरा. आणखी एका खेळाडूबद्दल आरोप होता की त्याने धावा दिल्या पण खूण करायला विसरला आणि मग पैसे परत करण्यावरून भांडण झालं. आरोप विनोदी वाटतो, पण खूण हाच खरा माल असतो, धावा नंतरच्या.

लॉर्ड्सचे नो-बॉल तर सट्ट्यासाठी नव्हतेच. दलाल मजहर माजिदने दीड लाख पौंड घेऊन वेश बदललेल्या पत्रकाराला दाखवून दिलं, की ही पोरं माझ्या मुठीत आहेत. म्हटल्या चेंडूवर नो-बॉल, म्हणजे उद्या म्हटलं ते षटक. ती नमुन्याची पुडी होती.

इकडे ठाण्या-नवी मुंबईत त्या दलालाच्या जागी बहुधा ‘दादा’ असतो. प्रत्येक दादा बुकी नसतो, हे आधीच सांगायला हवं. निम्म्या ठाण्याचं क्रिकेट अशा दादा-भाऊ-शेठ मंडळींच्या खिशावर उभं आहे. वाढदिवसाचा चषक तेच भरवतात, टी-शर्ट तेच देतात, पोराच्या गुडघ्याच्या एमआरआयचे पैसेही तेच देतात. बरी इंग्लिश विलोची बॅट स्वस्तात मिळत नाही. ती कोणीतरी दिलेली असते आणि देणाऱ्याला पोर नावाने हाक मारत नाही, ‘दादा’च म्हणतं. घोळ इथेच आहे. आपल्याकडे दादाला, कर्णधाराला, सरांना ‘नाही’ म्हणायला कोणी शिकवलेलं नसतं. शिकवलेलं असतं ते वाकून नमस्कार करायला.

पायऱ्या ठरलेल्या असतात. आधी बूट किंवा बॅट. मग इन्स्टावर फॉलो आणि ‘तुझं मॅनेजमेंट बघतो’. मग वाशीत नाहीतर घोडबंदरला एक जेवण, ज्यात क्रिकेटचा विषयच निघत नाही. मग एक दिवस सहज प्रश्न येतो, “उद्या कोण खेळतंय? विकेट कशी आहे?” पोराला ही गप्पाच वाटते. पण संघ जाहीर होण्याआधी तो बाहेर सांगणं हा संहितेनुसार स्वतंत्र गुन्हा आहे. वेस्ट इंडिजच्या मार्लन सॅम्युएल्सला २००८मध्ये दोन वर्षांची बंदी झाली, ती जानेवारी २००७मधल्या नागपूरच्या एकदिवसीय सामन्याआधी बुकीशी फोनवर झालेल्या बोलण्यातूनच. मग मित्राच्या खात्यावर पाच-दहा हजार येतात. पुढच्या वेळी मागणी येते आणि पोर कां-कू करू लागलं की व्हॉट्सॲपवर त्या पैशाचा स्क्रीनशॉट येतो. तिथून पुढे पैशाची जागा भीतीने घेतलेली असते.

‘गरिबीमुळे झालं’ हे आवडतं कारण अर्धंच खरं आहे. आज बीसीसीआय रणजी सामन्यात वीसपर्यंत सामने खेळलेल्या खेळाडूला दिवसाला ४० हजार रुपये देतं, एकोणीस वर्षांखालच्याला २० हजार. आयपीएलमध्ये २०२५पासून सामन्यामागे साडेसात लाख मानधन वेगळं. फिक्सिंगमध्ये सापडलेला दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए गरीब नव्हता, सलमान बट नव्हता. मात्र या आकड्यांपर्यंत पोचणारी पोरं थोडी आणि त्यांच्या दाराशी उभी असलेली शेकड्यांनी. आमिष सर्वात स्वस्तात त्या दारातल्या पोरालाच दाखवता येतं. शिवाय दार आता लहानपणीच उघडतं. वैभव सूर्यवंशी एप्रिल २०२५मध्ये आयपीएल खेळला तेव्हा चौदा वर्षांचा होता. अठराच्या खालच्या मुलाने केलेला करार आपल्या कायद्यात टिकत नाही, सही पालकांची लागते. सही करणाऱ्या बापाला मात्र ‘सेशन’ म्हणजे काय हे कोणी बसवून समजावत नाही.

मॅच ठरवणं हा भारतात स्वतंत्र गुन्हाच नाही, हे ऐकून अजूनही लोक चमकतात. २०१३च्या प्रकरणातल्या सगळ्या आरोपींना जुलै २०१५मध्ये दिल्लीच्या पतियाळा हाउस न्यायालयाने आरोपमुक्त केलं. कर्नाटक प्रीमियर लीगच्या प्रकरणात जानेवारी २०२२मध्ये कर्नाटक उच्च न्यायालय म्हणालं, की फिक्सिंग हे भारतीय दंडविधानाच्या ४२०व्या कलमाखालच्या फसवणुकीत बसत नाही. कारवाई करायची तर ती मंडळाने करावी. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने २०१६मध्ये, विधी आयोगाने २०१८मध्ये कायदा करा म्हणून सांगितलं. श्रीलंकेने २०१९मध्ये केला, दहा वर्षांपर्यंतच्या कैदेचा. आपल्याकडे मंडळाची बंदी हीच सगळी शिक्षा.

आणि मंडळाला पुरावा लागतो तो न्यायालयापेक्षा हलका. निःसंशय सिद्ध करण्याची गरज नसते, चौकशी समितीचं समाधान व्हावं लागतं. त्यामुळे कोर्टातून सुटलेला खेळाडू बंदीत राहू शकतो आणि त्यात विसंगती काही नाही. ‘कोर्टाने सोडलं मग बोर्ड कोण?’ हा टपरीवरचा प्रश्न म्हणूनच चुकतो. उलट प्रश्न असा विचारायला हवा, की पुरावा हलका आणि शिक्षा जन्माची, हे माप बरोबर आहे का? सप्टेंबर २०१३मध्ये बीसीसीआयने त्याच आयपीएल प्रकरणातला टॉवेलवाला गोलंदाज श्रीशांत आणि मुंबईचा डावखुरा फिरकीपटू अंकित चव्हाण यांना तहहयात बंदी घातली. मार्च २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने श्रीशांतच्या अर्जावर दोषाचा निष्कर्ष कायम ठेवला, पण शिक्षा रद्द केली. कारण साधं होतं. सहाव्या कलमातली ती यादी, शिक्षा वाढवणाऱ्या आणि कमी करणाऱ्या बाबींची, समितीने तपासलीच नव्हती. आपलीच नियमावली आपणच उघडली नाही.

तहहयात बंदीचं आकर्षण यातच आहे. तिला विचार करावा लागत नाही. वय, कबुली, कोणी आणलं, किती वेळा केलं, सगळं एका शब्दात मिटतं आणि बोर्ड कडक दिसतं. नागपूरचाच आणखी एक सामना आठवतो, मार्च २०००चा. क्रोनिएने हर्शेल गिब्जला वीसच्या आत बाद व्हायला सांगितलं होतं, १५ हजार डॉलरना. हेन्री विल्यम्सने पन्नासहून जास्त धावा द्यायच्या होत्या. गिब्जने ५३ चेंडूंत ७४ काढल्या, विल्यम्सचा खांदा अकरा चेंडूंनंतर दुखावला. दोघांनी ठरलेलं काहीच केलं नाही. तरी शिक्षा झाली, सहा महिने आणि दंड, कारण गुन्हा ‘हो’ म्हणण्यात असतो. कर्णधाराला तहहयात. दक्षिण आफ्रिकेने तेव्हा मागणारा आणि मानणारा यांच्यात अंतर ठेवलं होतं. दहा वर्षांनी लॉर्ड्सच्या तिघांच्या बाबतीत ते पुसलं गेलं.

आता बंदीच्या पोटातली गोष्ट. बंदी असलेल्याला मंडळाच्या मान्यतेच्या कुठल्याही सामन्यात खेळता येत नाही, प्रशिक्षक होता येत नाही, दुसऱ्या कुठल्याही भूमिकेत राहता येत नाही. अपवाद फक्त भ्रष्टाचारविरोधी शिक्षण आणि पुनर्वसनाच्या कार्यक्रमांचा. क्लबचा सामनासुद्धा यात येतो. आमिर जून २०११मध्ये इंग्लंडमधल्या सरे भागात एका क्लबकडून उतरला, त्याला तो मैत्रीचा सामना वाटला, पण लीगचा निघाला आणि आयसीसीने विचारणा सुरू केली. म्हणजे एमसीएला, मुंबई क्रिकेट असोसिएशनला, संलग्न असलेल्या ठाण्याच्या क्लबचं पोर असेल तर कांगा लीग बंद, टाइम्स शील्ड बंद, संघाचा सराव बंद, सरही बंद.

राहतं काय? टेनिस बॉल. डोंबिवलीपासून उरणपर्यंत हिवाळ्यात एकही शनिवार-रविवार असा जात नाही, की कुठे तरी मंडप, लाउडस्पीकर आणि यूट्यूबवर थेट प्रक्षेपण नाही. या क्रिकेटला नावं ठेवण्याचं कारण नाही. यातून उत्तम खेळाडू निघतात, आणि मार्च २०२४मध्ये तर टेनिस बॉलची फ्रँचायझी लीगच दादोजी कोंडदेववर खेळली गेली. गावठाणातल्या, सेक्टरमधल्या स्पर्धांवर मात्र भ्रष्टाचारविरोधी अधिकारी नसतो. फोन कोणी काढून घेत नाही, पॅव्हेलियन आणि प्रेक्षक यांच्यात दोरीसुद्धा नसते. प्रक्षेपण मात्र असतं. आणि जिथे थेट चित्र आहे तिथे भाव निघतो, मग क्रिकेट खरं असो की खोटं. २०२०मध्ये चंदीगडजवळच्या गावात सामने खेळवून ते श्रीलंकेतली लीग म्हणून दाखवले गेले. २०२२मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर गावात शेतमजुरांना सामन्यामागे चारशे रुपये देऊन खोटी आयपीएल उभी केली, सट्टा लावणारे रशियात बसलेले. ठाण्यात २०१८च्या मे-जूनमध्ये पोलिसांच्या खंडणीविरोधी पथकाने आयपीएलच्या सट्ट्याचं जाळं उघडं केलं तेव्हा बुक्यांच्या वह्या आणि फोन तरी होते. आता सट्टा लावायची ‘आयडी’ मिळते, फोनवर, नाक्यावरच्या पोराकडून.

तर वीस वर्षांच्या, बदनाम झालेल्या, क्रिकेटशिवाय काही न येणाऱ्या पोराला आपण कुंपण घातलेल्या मैदानातून काढतो आणि कुंपण नसलेल्या मैदानात सोडतो. तिथे त्याचं नाव अजून विकलं जातं, प्रवेश फी भरणारा दादा त्याला ‘माजी रणजीपटू’ म्हणून मिरवतो, आणि दोन सामन्यांत तो जुना फोन नंबर पुन्हा वाजतो. बंदीने खेळ सुरक्षित झाला, असं आपण समजून चालतो.

याच्या विरोधात एक युक्तिवाद आहे आणि तो सर्वात जड आहे. ज्याने नाही म्हटलं त्याचं काय? डिसेंबर २०१५मध्ये आमिर पाकिस्तान संघाच्या शिबिरात आला तेव्हा त्याचे सहकारी मोहम्मद हफीझ आणि अझहर अली यांनी आधी शिबिरात यायलाच नकार दिला. त्यांचा राग समजण्यासारखा होता. परत येणारा प्रत्येक गुणी खेळाडू कोणा स्वच्छ खेळाडूच्या जागेवर येतो. जून २०१७मध्ये ओव्हलवर चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात आमिरने रोहित, विराट आणि धवन यांना काढलं, १६ धावांत ३ बळी, आणि आपण १८० धावांनी हरलो. त्या दिवशी ‘माफी कशाला दिली’ असं म्हणणारे आपल्याकडे अचानक वाढले होते, पण तो वेगळा विषय. आणि परत घेतलेला पुन्हा घसरत नाही, असंही नाही. सॅम्युएल्स बंदीनंतर परतला, २०१२ आणि २०१६ अशा दोन विश्वचषकांचे अंतिम सामने गाजवले, आणि २०२३मध्ये टी-टेनच्या प्रकरणात त्याच्यावर सहा वर्षांची बंदी आली.

नाही म्हणणाऱ्याला न्याय द्यायचा मार्ग वेगळा आहे, असं वाटतं. त्याच्या ‘नाही’ला किंमत द्या. मुंबईच्या २०१९च्या टी-ट्वेंटी लीगमध्ये खुद्द एका संघाच्या सहमालकाकडून प्रस्ताव आल्याचं प्रकरण होतं, आणि २०२५मध्ये बीसीसीआयच्या लोकपालांनी त्या सहमालकावर बंदी घातली. सहा वर्षं लागली. खेळाडूने सांगितलं तर काय होतं, याचं उत्तर पोरांना सहा आठवड्यांत दिसलं पाहिजे. मग सांगतील.

शिक्षा कशी असावी, याचं एक गणित मांडता येतं. एकूण काळ लांब ठेवा, पण त्याचे तुकडे करा. पहिली दीड-दोन वर्षं पूर्ण बंद, त्यात सवलत नाही. या काळात पैसे परत, फोन आणि बँकेची खाती तपासणीला खुली, आणि कोणी आणलं त्याचं नाव. नाव दिलं नाही तर पुढचा तुकडा सुरूच होत नाही. मग पुनर्वसन : दर महिन्याला चौदा आणि सोळा वर्षांखालच्या मुलांपुढे उभं राहून पायऱ्या समजावणं. वेस्टफिल्डने सुटल्यावर इंग्लंडच्या खेळाडू संघटनेबरोबर तरुण खेळाडूंसाठी हेच काम केलं, आणि मंडळाने त्याला बंदी संपण्याआधी क्लब क्रिकेट खेळू दिलं. मग परतण्याची वाट सर्वात खालून. एक पावसाळा कांगा लीग, तेही खालच्या विभागात, चिखलात, जिथे चेंडू घोट्याच्या वर येत नाही आणि बघायला कोणी नसतं. मग एक मोसम क्लबचा. मग निवडीसाठी पात्र, कर्णधारपद कधीच नाही. उरलेली वर्षं डोक्यावर टांगलेली. आयसीसीने नोव्हेंबर २०१४मध्ये संहिता बदलून बंदी संपण्याआधी देशांतर्गत क्रिकेटला परवानगी देण्याची सोय केली, आणि तिचा फायदा आमिरला २०१५च्या जानेवारीत मिळाला. सोय आहे, ती नामवंतांपुरती राहू नये एवढंच.

ज्याने पोराला आणलं, तो कर्णधार असो, सर असोत की एजंट, त्याला मात्र तुकडे नकोत. दुसऱ्यांदा सापडलेल्यालाही नकोत, मग वय काहीही असो.

सुनावणीबद्दलही बोलायला हवं. संहिता इंग्रजीत, कायद्याच्या भाषेत, पानंच्या पानं. मोसमाच्या सुरुवातीला एका सादरीकरणात ती दाखवली जाते आणि खाली सही घेतली जाते. महापालिकेच्या शाळेतून आलेल्या, अकरावीत गळलेल्या पोराने ती वाचलेली नसते. पुढे चौकशीत पहिल्या दिवशी तो घाबरून सगळं नाकारतो, आणि वेळेवरच्या कबुलीची सवलत तिथेच जाते. आमिरने दोह्यात नाकारलं, लंडनच्या न्यायालयात कबूल केलं. तिथे त्याला कबुलीचा फायदा मिळाला, लवादापुढे मिळायचा तो गेला. म्हणून पहिल्याच बैठकीला वकील हवा, अठराच्या आत असेल तर आई-बाप हवेत, आणि प्रश्न मराठीत विचारले गेले पाहिजेत. ‘ॲप्रोच’ (कोणी संपर्क साधणं) आणि ‘इंड्यूसमेंट’ (आमिष दाखवून भरीला पाडणं) यांतला फरक ज्याला शब्दच माहीत नाहीत, तो काय सांगणार?

आणि ज्याला आज संध्याकाळी मेसेज आलाय त्याच्यासाठी : तो पुसू नका, ब्लॉक करू नका, उत्तर देऊ नका, पुरावा गोळा करायला म्हणून भेटायला तर मुळीच जाऊ नका. स्क्रीनशॉट, नंबर, वेळ, कोणी ओळख करून दिली त्याचं नाव कागदावर लिहा. कळवायचं ते भ्रष्टाचारविरोधी अधिकाऱ्याला. कर्णधाराला किंवा रूममेटला सांगून जबाबदारी संपत नाही, कारण कधी कधी मेसेजमागे तोच असतो. सामना होऊन जाऊ दे, मग सांगू, हे चालत नाही. सामन्याआधी न सांगणं हा संहितेत ठामपणे अस्वीकारार्ह विलंब धरलाय. झिम्बाब्वेच्या ब्रेंडन टेलरने कळवायला चार महिने लावले आणि साडेतीन वर्षांची बंदी ओढवून घेतली.

शेवटी अंकित चव्हाणच्या कागदाकडे परत यावं लागतं. श्रीशांतची बंदी लोकपालांनी ऑगस्ट २०१९मध्ये सात वर्षांवर आणली, ती सप्टेंबर २०२०मध्ये संपली. ११ जानेवारी २०२१ला तो केरळकडून मुश्ताक अली स्पर्धेत उतरला, मैदान होतं वानखेडे. अंकितला बंदी त्याच दिवशी झालेली, पण सर्वोच्च न्यायालयात गेलेला श्रीशांत होता, म्हणून आदेशही त्याच्याच नावाचा. अंकितची मुदत सात वर्षांवर आणल्याचा आदेश २०२१च्या मे महिन्यात निघाला आणि मंडळाचं पत्र त्याला जूनमध्ये मिळालं. मुदत मोजली तर तीही २०२०च्या सप्टेंबरमध्येच संपली होती. मधले नऊ महिने कोणत्या कलमाखाली गेले, ते त्या पत्रात लिहायला जागा नसते. त्या नऊ महिन्यांत मुंबई विजय हजारे करंडक जिंकली होती.